दोन नंबरवर लाल

टॅली लाइटचा तयार संच पुण्यात विचारला,
आकडा ऐकून फोन ठेवून दिला.
तेवढ्यात मला चौथा कॅमेरा आला असता,
सेकंड हँड का होईना.

मग आणले सहा लाल एलईडी, मूठभर रेझिस्टर,
पोरं प्रोजेक्टला वापरतात तसलं एक सर्किट
आणि बंद पडलेल्या सायबर कॅफेतली केबल, किलोच्या भावानं.
दिव्यावर टोपण खोकल्याच्या औषधाचं.
आमच्या गल्लीत रुईची धूळ,
टोपणांना तोटा नाही.

हे सगळं राजेशममामांसाठी.
तीस वर्षं पॉवरलूमवर, चार माग एकट्यानं.
कारखाना बंद झाला, जाताना कान घेऊन गेला,
डोळे तेवढे ठेवले.
तुटलेला धागा त्यांना दहा हातांवरून दिसतो,
पण हेडफोनात मी ओरडतो, "मामा, तुमच्यावर आहे!"
ते काही पोचत नाही.

मागच्या वैशाखात, अशोक चौकाकडच्या कार्यालयात,
मंगळसूत्र गळ्यात पडत होतं
आणि मामा कॅमेरा वर करून
पंख्याचा नट सैल आहे का ते बघत होते.
सुरत, भिवंडी, कतारच्या नातलगांनी
अकरा सेकंद पंखा पाहिला.
कुणीतरी खाली लिहिलं, शुभाशीर्वाद.

पहिल्या रात्री एक दाबलं की तीन पेटायचा.
दुसऱ्या रात्री बोट भाजलं.
तिसऱ्या रात्री मी स्विचरवर दोन दाबलं
आणि खोलीच्या त्या टोकाला
मामांच्या भुवईवर लाल पडलं.
"एर्र दीपम," ते म्हणाले. मग मराठीत,
"समजलं की.
धागा तुटला की माग थांबतो,
दिवा लागला की मी थांबायचं."
एवढं सोपं मला कुठल्याच माहितीपुस्तिकेत सापडलं नव्हतं.

प्रत्येक कॅमेऱ्याला दोन दिवे लावले.
मागचा, चालवणाऱ्यासाठी.
पुढचा, समोरच्या माणसासाठी,
बाहेरचे मोठे लोक लावतात म्हणून.

परवा साखर पेठेतलं लग्न, संध्याकाळचं रिसेप्शन.
कतारहून नवरीच्या भावाचा फोन,
"आईला दाखवा."
मी दोन दाबलं.
सोफ्याच्या कडेला नागमणीबाई,
लाल दिसताच पदर, मान, हनुवटी,
रेशनकार्डावरच्या फोटोसारख्या.
दिवा विझला की पाय चोळायच्या.
पेटला की पुन्हा रेशनकार्ड.
"अशी नाही हो," भाऊ म्हणाला, "नेहमीची."

आता नेहमीची कशी दाखवू?
कोणतं बटण?

पडद्यावर काही हललं नाही.
मी मान वर करून पाहिलं तर मामा
उजव्या हातानं कॅमेरा धरून
डाव्या तळव्यानं पुढचा दिवा झाकून उभे.
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं,
सांगितलं असतं तरी ऐकू आलं नसतं.
मागचा दिवा त्यांच्या कपाळावर लालच होता.

नागमणीबाईंनी चप्पल काढली.
कागदी रुमालाची पट्टी फाडली,
अंगठ्यानं वळली, टोक मुडपलं,
बाजूला ठेवली. पुढची घेतली.
रोजच्या हजारातल्या पाच-सहा विड्या
लेकीच्या लग्नात, तंबाखूशिवाय.
फोनवर भाऊ काही बोलेना.
एक नंबरवर आमदारांचा सत्कार चालू होता.
मी दोनवरच राहिलो.

बाईंना माहीत नव्हतं. ते मला अजून खुपतं.
केबल गुंडाळताना त्यांनी विचारलं,
"मी आले का ओ त्यात?"
"थोडंसं," मी म्हणालो.
चार मिनिटं होती.

पुढच्या दिव्याला आता वेगळं बटण बसवलंय,
सात रुपयांचं, खटका जरा घट्ट.
ते माझ्या टेबलावर नाही.
मामांच्या ट्रायपॉडला, डाव्या अंगठ्याखाली.